अप्पांचा हात आणि माझा लॅपटॉप

त्या उन्हाळ्यात मी जागेपणीच स्वप्नात असायचे. थ्रीडी ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. त्यासाठी गेमिंग लॅपटॉपच हवा असं सरांनी सांगितल्यापासून डोळ्यांपुढं एकच मॉडेल तरंगत होतं: पातळ, काळंभोर, कळांखालून सात रंग वाहणारं. त्याचे व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिले होते, की दुपारी पंख्याचं गरम वारं घेत पडलं तरी पत्र्यावर ते रंग सरकताना दिसायचे.

घेताना अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत नेलं ते पोर एकटी कशी जाणार म्हणून. अप्पांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात, चेकिंग खात्यात गेली. चादर उजेडापुढं धरायची, दोन कोपरे तिरके ताणायचे, डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि पास की नापास ते सांगायचं. पुढं कारखाना बंद पडला आणि त्यांच्या हाताला कुणी काही विचारेनासं झालं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त कुणाच्याही घरी गेलं, की पलंगावरच्या चादरीचा काठ बोटांत घेऊन बसायचे.

दुकानात थंडगार हवा होती आणि लॅपटॉप ओळीनं उघडे मांडले होते. माझं मॉडेल मधोमध. मी त्या रंगांत हरवलेच. भानावर आले ती दुकानदाराच्या ओरडण्यानं.

"अहो काका, सोडा, सोडा!"

अप्पांनी माझ्या लाडक्याचं झाकण दोन कोपऱ्यांत धरून चक्क तिरकं ताणलं होतं. प्लास्टिक करकरलं. आसपासची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली.

"अप्पा, ही चादर नाहीये!" मी फाडकन बोलले. राग आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर, माझ्या जरा जास्तच.

अप्पांनी हात मागं बांधले. "व्हय की. मला ह्यातलं काय कळतंय," एवढंच म्हणाले आणि दारापाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहिले. पाठीमागं त्यांची बोटं एकमेकांवर हलत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानदार सीलबंद डबा आणायला आत गेला. मी मांडलेल्या लॅपटॉपवर उगाच हात ठेवला. मधल्या कळा दाबल्या की खाली खचत होत्या. पडद्याला बोट लावलं की तो डोलतच राहायचा. कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो उघडला-मिटला होता. कोरी चादर कुणालाही फसवते, दोनदा धुतली की खरं बोलते, असं अप्पा म्हणायचे. हा मांडलेला लॅपटॉप म्हणजे धुतलेली चादरच होती. मी व्हिडिओत बघितले ते सगळे कोरे.

मी अप्पांना हाताला धरून आत आणलं. "तुम्हीच बघा. सगळे बघा."

"ऱ्हाऊ दे की गं. लोक हसत्यात."

"हसू देत."

ते डोळे मिटून ओळीनं फिरले. एका बोटानं झाकण मिटून उघडायचं, कळांवर तळवा टेकवायचा, एका कोपऱ्याला धरून अलगद उचलायचं, करकर येते का ते ऐकायचं. डबा घेऊन परतलेला दुकानदारही बघत उभा राहिला. एसीच्या घरघरीत मला वाटलं, आपण कारखान्यातल्या चेकिंगच्या लांब टेबलापाशी उभे आहोत आणि पलीकडं माग चालू आहेत. किती वेळ गेला कोण जाणे. मला तिथून हलावंसंच वाटेना.

अप्पा एकापाशी थांबले. "ह्यो. ह्याचं अंग घट्ट हाय."

राखाडी, जाडजूड, नुसता ठोकळा. रंगबिंग काही नाही. आतला ऐवज मात्र माझ्यावाल्याइतकाच. सात रंगांवर पाणी सोडताना जीव हळहळला, खोटं कशाला बोलू? पण मी म्हणाले, "हाच द्या. बंद डब्यातला."

रिक्षात डबा माझ्या मांडीवर होता. सात रस्त्याच्या चौकात रिक्षा थांबली. तेव्हा अप्पा म्हणाले, "खरं सांग. चांगला वाटला म्हणून घेतलास, का मला बरं वाटावं म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या माणसानं जन्मभर खोट धरली, त्याच्यापुढं जीभ वळेना.

"निम्मं तुमच्यासाठी," मी म्हणाले.

"निम्मं बी लई झालं," अप्पा म्हणाले, आणि डबा उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला.