डावीकडचा वारा

आज नव्या नक्षीचा टोचलेला कागद साडीवर ठेवून त्यावर रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवली आणि त्या वासासरशी शिंदखेड्यातली अक्काची ओसरी समोर आली.

अक्का, माझी थोरली बहीण, साड्यांवर भरतकाम करायची. मी तेव्हा धुळ्याला नुकतीच कॉम्प्युटर शिकत होते. आपण अर्धं फूल काढायचं, उरलेलं अर्धं तो क्षणात उलटून जोडायचा, याचं मला भारी कौतुक. तसं एक फूल कागदावर छापून मी तिला दिलं. नीळ झिरपून नक्षी साडीवर उतरावी म्हणून अक्का रेघांवरून सुईनं भोकं पाडत गेली. उजवीकडचं एक पान मात्र तिनं सोडलं आणि तिथं स्वतःच्या मनानं उजवीकडे कललेलं पान टोचलं.

"अगं अक्का, होतं ते बरोबर होतं! सगळं कसं एकसारखं होतं!"

"बठ्ठं सारखं शे," ती म्हणाली. "त्याले वारा लागनाच नही."

तिच्या डावीकडच्या उघड्या दारातून तेव्हा खरंच वारा येत होता.

ती साडी पुरी व्हायच्या आत अक्का गेली.

अजूनही मी अर्धंच फूल काढते, उरलेलं कॉम्प्युटर जुळवतो. मग सुई घेते आणि एक पान कलतं, दरवेळी उजवीकडेच. मुद्दाम डावीकडे कलवायला गेले, तर हात ऐकत नाही. या खोलीत माझ्या डावीकडे नुसती भिंत आहे. तरी वारा तिकडूनच येतो.