आयेचो पेडवो

माझ्या आईला कुत्र्याने मारलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला आजच अनफ्रेंड करावं.

आये जाऊन आज वर्ष झालं. कालसुद्धा घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच, "त्या कुत्र्यापायी रातची भायर गेली नसती तर आज असती."

ऐकून ऐकून कान किटले. आता माझं ऐका.

होय, पिल्लू मीच आणून दिलं.

बाबा गेल्यावर आये मालवणच्या घरात एकटी. दादा मुंबईला, मी नोकरीपायी ओरोसच्या क्वार्टरमध्ये. संध्याकाळी फोन केला की "जेवलंस?" एवढंच विचारायची आणि गप्प व्हायची. ते गप्प बसणं मला सहन होईना.

म्हणून बाजारात सापडलेलं पिल्लू पिशवीत घालून नेलं. अंगावर मांस नाही, नुसते काटे. आयेने पिशवीत डोकावून बघितलं. "ह्यो काय पेडवो आणलंस?"

पेडवो म्हणजे आमच्याकडची बारकी मासळी. तेच नाव पडलं.

दादाचा लगेच फोन. "घरात नव्या पांढऱ्या टाइल्स घातल्यात. त्याने रात्री घाण केली तर मी स्वतः येऊन त्याला बाहेर काढणार."

झालं. आयेला ते लागलं. "बघतंय, कोण कोणाक भायर काढता ता."

दादाच्या मुलीने ट्रेनिंगचे व्हिडिओ पाठवले. रात्री पिल्लाला पिंजऱ्यात ठेवा म्हणे.

"पिंजऱ्यात घालूक तो काय पोपट आसा?"

मग तिने स्वतःची रीत काढली. बाबा खाडीवर गरी टाकायचे तेव्हा दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून खुशाल आडवे व्हायचे. मासा लागला, दोरी ओढली, की जाग. आयेने तेच केलं. एक टोक पेडव्याच्या गळ्यात, दुसरं आपल्या अंगठ्याला.

पिल्लू चुळबुळलं की दोरी ताणायची. आये उठायची, दोरी सोडायची, टॉर्च घ्यायची आणि त्याला काखोटीला मारून घरामागच्या परड्यात माडाच्या मुळाशी नेऊन ठेवायची. तिथे केलं की पदराच्या गाठीतला सुका जवळा बक्षीस. त्या वासाने माझं डोकं उठायचं, पण बोलायची सोय नव्हती.

मी एकदा शनिवारी राहायला गेले होते. मध्येच जाग आली तर ही बाहेर उभी आणि पेडवो तुळशीपाशी बसलेला.

"मेल्या, एवढ्या परड्यात तुका हीच जागा गावली?"

उचलला आणि माडाखाली.

शेजारच्या सुमनकाकीने गावच्या देवाची भीती घालून बघितली. "रातची भायर जाव नको गो, राखणदार फिरता."

आये म्हणाली, "फिरांदे. तो गाव राखता, मी कुत्र्याक मुतवतंय. दोघांचा काम येगळा."

टाइल्स किती वेळा पुसल्या ते तिलाच ठाऊक. दादाला एका अक्षराने कळू दिलं नाही.

आणि मग एका सकाळी फोन. "गो, आज रातभर लादी सुकी."

मला सरकारी नोकरी लागली तेव्हा "बरा झाला" म्हणून मोकळी झालेली बाई. त्या दिवशी लादीबद्दल अर्धा तास बोलली. पेडवो आता आपणहून दाराकडे जाऊन कुईकुई करायचा. दोरीची गरजच संपली. तिने ती खुंटीला लावून टाकली.

हे नीट वाचा. दोरी खुंटीला होती.

त्या पहाटे तिने नेहमीसारखं मागचं दार उघडलं, त्याला सोडलं आणि पायरीवर बसली. बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, अंगावर पडल्याची खूण नाही. पेडवो भुंकत राहिला म्हणून सुमनकाकी धावत आली. नाहीतर माझी आये कितीतरी वेळ तिथे एकटीच राहिली असती.

तरी भेटायला येणारा जो तो, "दोरी पायात अडकली म्हणे."

कोण म्हणे?

दादाने तर ठरवूनच टाकलं. बारावं झालं की पेडव्याला इन्सुलीकडे हायवेवर सोडायचं. ढाब्यावर जगेल म्हणे.

दहाव्याला व्हाळाकाठी, ओढ्यावर, पिंड ठेवला. बायकांनी यायचं नसतं म्हणाले. मी गेले. कावळा शिवेना. दादाने हात जोडून सगळं सगळं कबूल केलं. घर बंद ठेवणार नाही, गणपती आणणार, तुळशीला पाणी घालणार. कुत्र्याचं नाव काही त्याच्या तोंडून येईना.

तेवढ्यात घरी बांधलेला पेडवो दोरी तोडून आला आणि थेट पिंडाला भिडला. पान चाटून साफ.

"बाटयल्यान सगळा!" कुणीतरी दगड उचलला.

मी मध्ये उभी राहिले. "निवेदाची वाडी दाखवताना गायीचा, कावळ्याचा नि कुत्र्याचा पान काढतास मा? मग आज खंयचो विटाळ?"

भटजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. बाराव्यापर्यंत मी पेडव्याला नजरेआड होऊ दिलं नाही आणि मग सरळ ओरोसला घेऊन गेले. बसमध्ये कंडक्टरशी भांडले तेही सांगून ठेवते.

आज वर्षश्राद्धाला आम्ही दोघं मालवणला आलो. वाड्या मीच काढल्या. पहिलं पान पेडव्यापुढे ठेवलं.

दादा म्हणाला, "आधी कावळ्याचा ठेवतत."

मी म्हटलं, "आये गेली तेव्हा काकीक कावळ्यान नाय बोलावल्यान."

पेडवो जेवेपर्यंत दादा तिथेच उभा राहिला.

आये, भावपूर्ण बिवपूर्ण लिहूक माका जमणा नाय. तुझो पेडवो माझ्याकडे आसा आणि माझ्याकडेच रवतलो. तुका आमचो दोघांचो नमस्कार.