शाळेच्या जागेवरची घरं

तिच्या आडनावाचा चौक आहे, गल्ली आहे, बसथांब्याच्या पाटीवरही तेच आडनाव आहे. नदीपासून टेकडीपर्यंतची सगळी जमीन एके काळी तिच्या पणजोबांची होती. पुढे भाऊबंदांत वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, मोठं घर पाडलं गेलं आणि तिथे खाली पार्किंग असलेली इमारत आली. ती स्वतः दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स झाली. सोबतच्या नर्स तिला थट्टेने 'मालकीण' म्हणायच्या. "मालकीण, तुमच्या जमिनीवर पाणी सांडलंय, पुसायला या," असं कुणी ओरडलं की तीही हसत हसत फडकं घेऊन जायची.

एका गोष्टीचा अभिमान मात्र तिने मनापासून जपला होता. वस्तीतली शाळा तिच्या आजोबांनी फुकट दिलेल्या जागेवर उभी होती. "बाकी सगळं गेलं, पण शाळा आपली आहे," असं वडील सांगायचे, आणि ती त्याच शाळेत ताठ मानेने शिकली होती.

त्या हिवाळ्यात खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा सुतार आला. छाती भरलेली, हात थरथरणारे. चमचा धरवत नसे, म्हणून ती त्याला भरवायची. तो तिला 'पोरी' म्हणायचा आणि खाटेचा पाया कसा लंगडा आहे, दार कुणी वेडंवाकडं बसवलंय, हे घासागणिक ऐकवायचा. तिला त्याच्या खाटेशी बसायला आवडायचं.

एका सकाळी खिडकी उघडी राहिली होती. ती लावायला गेली, तर तो म्हणाला, "नीट लाव पोरी. थंडीने आमच्या घरचं एक माणूस नेलंय."

तिने पेज भरवता भरवता विचारलं, "कधी?"

"शाळा झाली ना त्या जागेवर, तिथे आमची घरं होती. भाड्याची, पण बापाने स्वतःच्या हाताने बांधलेली. मालक म्हणाला, खाली करा. आम्ही म्हटलं, थंडी सरू दे, आई बाळंतीण आहे. त्याने माणसं पाठवून छपरांची कौलं उतरवली. आम्ही उघड्या छपराखाली राहिलो. बाळ आठवडाभर जगलं. माझा भाऊ."

तिच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. त्याचं तोंड पुसून ती उठली आणि औषधांच्या कपाटाशी जाऊन नुसतीच उभी राहिली.

सुट्टीच्या दिवशी ती आत्याकडे गेली. आजोबांच्या मुलांपैकी आता आत्याच तेवढी उरली होती. आत्या शेंगा सोलत होती. तिने आडपडदा न ठेवता विचारलं, "आत्या, शाळेच्या जागेवर घरं होती?"

आत्याचे हात थांबले. "कुणी सांगितलं?"

"होती का?"

"होती. मी वरच्या खोलीतून बघत होते. माणसं कौलं एकमेकांकडे झेलत होती, मला तो खेळच वाटला. मग रात्रंदिवस एका बाळाचं रडणं यायचं. आई खिडक्या लावून घ्यायची. एक दिवस ते यायचं थांबलं." आत्याने शेंग उचलली, पण सोलली नाही. "त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. आणि पुन्हा कुणी तो विषयही काढला नाही."

शाळेच्या वर्धापनदिनाचा सोहळा तोंडावर आला होता. आजोबांची तसबीर लागणार होती आणि तिचा भाऊ भाषण करणार होता. ती त्याच्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. म्हणाली, "दादा, भाषणात एक वाक्य घाल. इथे माणसांची घरं होती, एवढंच."

"कशाला उकरून काढतेस? शाळेने किती पोरांचं भलं केलं, ते बघ ना."

"ते खरंच आहे. हेही खरं आहे."

"एका आजारी म्हाताऱ्याच्या बडबडीवरून तू आजोबांना कोर्टात उभं करणार?"

"आत्याने डोळ्यांनी पाहिलंय, दादा."

भाऊ हळूच म्हणाला, "माझ्याकडे त्यांच्या नावाशिवाय दुसरं काय उरलंय, सांग." ती सोहळ्याला गेली नाही. ते एक वाक्य भाषणात आलं नाही, हे तिला शेजारणीकडून कळलं.

सुताराला मात्र काय सांगावं, हे तिला सुचत नव्हतं. शेवटी ते आपोआपच झालं. ती त्याला भरवत असताना एका नर्सने दारातून हाक मारली, "मालकीण, फोन आहे."

"तुला मालकीण का म्हणतात गं?" त्याने विचारलं.

थाप मारता आली असती. तिने आपलं आडनाव सांगितलं.

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवसापासून तो दुसऱ्या नर्सच्या हातून जेवू लागला. ती त्याचा ताप बघायची, चादर बदलायची; तो डोळे मिटून पडून राहायचा.

थंडी ओसरायला लागली तेव्हा त्यानेच तिला बोलावून घेतलं. "मला शाळेत नेशील?"

रविवारी डॉक्टरांची परवानगी घेऊन तिने त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. शाळा बंद होती, पहारेकऱ्याने फाटक उघडलं. मैदानात आल्यावर म्हातारा गोंधळला. इकडे ने, तिकडे ने, असं करत शेवटी पाण्याच्या नळांपाशी त्याने हात वर केला. "इथेच असेल. नाहीतर थोडं पलीकडे. सगळंच सपाट केलंय." तो ओल्या फरशीकडे बघत बसला. ती खुर्चीमागे उभी होती. माफी मागायचे शब्द तिने मनात जुळवून आणले होते, पण तिथे ते तिला हलके वाटले.

"तुझ्या आजोबाला झोप लागायची का गं?" त्याने मागे न बघता विचारलं.

तिने आठवून सांगितलं, "लागायची. दुपारचीसुद्धा."

तो घशातल्या घशात हसला आणि खोकला. "खरं बोललीस. चल, गार वाटतंय."

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच तो गेला. सोहळ्यापासून भावाने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्या घरांचं ज्याने सांगितलं तो सुतार गेला, हे कळवायला ती आत्याकडे गेली. आत्याने चहा केला, दोघी समोरासमोर बसल्या. आत्याने विचारलं, "ते बाळ त्याची बहीण होती का?"

"नाही. भाऊ."

"अस्सं," आत्या म्हणाली. "मी आजवर मुलगीच समजत होते."