राजाशेजारची परमेश्वरी

नारळाच्या दुधात भात शिजू लागला आणि त्यात गाठ मारून टाकलेलं पांदानचं हिरवं पान मऊ झालं, की आमच्या इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये एक सुगंध हलकेच पसरतो. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या ऑक्टोबरच्या एका थंड, तांबूस दुपारी तो मला पहिल्यांदा जाणवला, तेव्हा क्षणभर मी भंडाऱ्याला, माझ्या माहेरी पोचले. नव्या चिन्नोर तांदळाचा भात चुलीवरून उतरवताना असाच दरवळ अंगणापर्यंत यायचा. त्या वासाचं बोट धरून मी एका अनोळखी दारापाशी गेले आणि टकटक केली. दार रोहानीने उघडलं. ती मलेशियाची, निवृत्त शिक्षिका, विद्यापीठात शिकवणाऱ्या मुलीजवळ राहायला आलेली. त्या दिवसापासून ती मला ‘काक’ म्हणते. मलय भाषेत काक म्हणजे थोरली बहीण. संस्कृतात त्याचा अर्थ कावळा होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

या गावात मला आणखी एक संबोधन आहे, आणि ते काकपेक्षा कितीतरी जुनं आहे. माझे पती यशवंतराव इथल्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर होते आणि गावातल्या मराठी मंडळाचे, कोणाला आठवतही नाही इतकी वर्षं, अध्यक्ष. त्यामुळे मी वहिनी. त्यांच्या मित्रांची वहिनी होते तोवर ते नातं होतं. पण काल-परवा पुण्याहून आलेल्या, माझ्या मुलीपेक्षा लहान असलेल्या पोरीही मला वहिनीच म्हणू लागल्या, तेव्हा ते पद झालं. इथल्याच एका रुग्णालयात मी पॅथॉलॉजिस्ट होते, सूक्ष्मदर्शकाखाली लोकांचं भवितव्य वाचत होते. मंडळाच्या दारातून आत शिरल्यावर मात्र मी समई पेटवणारी, पाहुणीची ओटी भरणारी, पहिल्या रांगेत हसतमुख बसणारी वहिनी असे. मला त्याचा राग नव्हता. त्या शब्दात मान होता, मायाही होती. पण तो माझा स्वतःचा नव्हता, एवढंच.

यंदा, बर्फ वितळून जमिनीतून ट्यूलिपची हिरवी टोकं डोकावू लागली त्याच सुमारास, यशवंतरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाणीही बरीचशी गेली. त्यांना समजतं सगळं. पण मनातला शब्द ओठांपर्यंत येता येता वाट चुकतो. ज्या माणसाने कडाक्याच्या थंडीतल्या सभा नुसत्या बोलण्याने उबदार केल्या, तो आता ‘पाणी’ म्हणण्यासाठी डोळे मिटून बळ गोळा करतो.

शरद ऋतू आला, आणि मंडळाची सचिव केतकी घरी आली. यशवंतराव आतल्या खोलीत झोपले होते.

“वहिनी, आम्ही सगळ्यांनी डिस्कस केलंय,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “काकांची टर्म तुम्ही कम्प्लीट करा. तुम्हीच प्रेसिडेंट व्हा.”

“त्यांच्या जागी?”

“आता तुमच्याशिवाय कोण आहे?”

मी विचार करते म्हणाले. काम मला जमलं असतं, याविषयी तिळमात्र शंका नव्हती. निम्मं तर मीच करत आले होते. प्रश्न वेगळाच होता. ती खुर्ची त्यांनी घडवलेली होती. मी तिच्यात बसणं म्हणजे, तुमचं आता संपलं, असं सगळ्यांदेखत त्यांना सांगणं तर होणार नाही?

त्याच आठवड्यात रोहानीने मला तिच्या देशातल्या एका राज्यारोहणाचं चित्रीकरण दाखवलं. पिवळं रेशमी छत्र, पिवळे पडदे, पिवळी उशी. हळदीने न्हाऊन निघावा तसा सारा दरबार. तो राजघराण्याचा रंग, तिने सांगितलं. पूर्वी सामान्य माणसाने राजापुढे पिवळं नेसून जायचं नसे. नऊ राज्यांचे सुलतान आळीपाळीने पाच-पाच वर्षं साऱ्या देशाचे राजे होतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची राणीही. मी राजाकडे पाहत नव्हते. त्याच्या शेजारी ताठ, निश्चल बसलेल्या तिच्याकडे पाहत होते.

“हिचं काम काय?” मी विचारलं.

“संस्थांची आश्रयदाती, विद्यापीठाची कुलपती, असं पुष्कळ असतं,” रोहानी म्हणाली. “पण सगळ्यात अवघड काम म्हणजे शेजारी बसणं. नीट बसता आलं पाहिजे, काक. राजा तिच्याकडे बघून सावरतो.”

“आणि पाच वर्षांनंतर?”

ती हसली. शाळेत असताना, त्यांच्या राज्याची राणी राजधानीतला काळ पुरा करून परतली, तेव्हा ती कागदी झेंडा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. राणीला वाईट वाटत असेल का, असं तिने आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, “पाच वर्षं ती देशाची होती, आता पुन्हा आपली झाली.”

मग तिने राणीच्या त्या पदाचं पूर्ण नाव उच्चारलं: राजा पर्माइसुरी आगोंग. मी तिला मधला शब्द पुन्हा म्हणायला लावला. पर्माइसुरी. आणि समुद्र ओलांडून, कित्येक शतकांची मीठवाळू अंगावर घेऊन आलेला एक ओळखीचा शब्द माझ्यासमोर उभा राहिला. परमेश्वरी.

“आमच्याकडे परमेश्वरी म्हणजे साक्षात देवी,” मी म्हणाले. “सर्वांहून श्रेष्ठ. तिच्या शेजारी कोणी असलाच पाहिजे असं नाही.”

“आम्ही तिला राजाशेजारी बसवलं,” रोहानी म्हणाली, “आणि नाव तेवढं तसंच ठेवलं.”

घरी आले तेव्हा खिडकीत संध्याकाळ उतरली होती, दूर सरोवराकाठी पोलाद कारखान्याच्या धुराड्यांवर नारिंगी उजेड थरथरत होता. यशवंतराव तिकडेच पाहत होते. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले.

“अहो, मंडळाचं अध्यक्षपद मी घेऊ का?”

त्यांनी डोळे मिटले. शब्द शोधताना त्यांच्या कपाळावर उमटणारी आठी मला आता पाठ आहे; मी थांबून राहिले. अखेर ते म्हणाले, “विचारू... नकोस.”

त्याचे अर्थ दोन होत होते. असलं काही मला विचारू नकोस, किंवा त्यात विचारायचं काय. त्यांच्या चेहऱ्याचा अर्धाच भाग हल्ली बोलतो, आणि तो उजेडाच्या पलीकडे होता. मी दुसरा अर्थ निवडला. निवडला, हाच शब्द खरा. कळला असं मी म्हणणार नाही. त्याच संध्याकाळी केतकीला फोन केला.

“मी अध्यक्ष व्हायला तयार आहे,” मी म्हणाले. “पण दिवाळीच्या पत्रिकेवर माझं नाव घालायचं. डॉक्टर सुमती. कंसात वहिनी नको.”

“ओके, वहि...” ती अडखळली, आणि आम्ही दोघीही हसलो.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. मी व्यासपीठावरून बोलले: हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काय करायचं, तरुणांची मदत कशी घ्यायची, हे सगळं, आवाज एकदाही कापला नाही. समोर पहिल्या रांगेत यशवंतराव होते. केतकीने आणलेली चाकांची खुर्ची नाकारून ते साध्या खुर्चीवर बसले होते, पाठ ताठ, निकामी हात शालीखाली झाकलेला, चांगला हात गुडघ्यावर. येणारा प्रत्येक जण त्यांच्यापुढे वाकत होता आणि ते मान किंचित लववून, अर्ध्या चेहऱ्याने हसून त्याचं स्वागत करत होते.

कुणी नवखा तरुण शेजारच्या खुर्चीवरून त्यांच्या कानाशी वाकून मंडळाविषयी काहीतरी विचारू लागला. यशवंतरावांनी डोळे मिटले, कपाळावर आठी आली. मी बोलता बोलता थांबले. मग त्यांनी चांगला हात उचलला, माझ्या दिशेने केला, आणि त्यांचे ओठ हलले. एकच शब्द असावा. मला तो एवढ्या दुरून ऐकू आला नाही. पण तो तरुण वळला आणि नीट सावरून बसून माझ्याकडे पाहू लागला, आणि मी पुढचं वाक्य सुरू केलं.