अर्धी गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे बसले तरी एवढं वगळून बाकीचं बोलते — त्याला ठाऊकच असणार म्हणा. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या अक्कांना कधी पाहिलेलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. पारोळ्याजवळचं गाव, घरची कपाशी. अक्कांना अक्षरओळख नव्हती, पण कुणाची सोयरीक जुळवायची म्हटलं की लोक आधी आमच्या ओट्यावर यायचे. कोण कुणाचा मामेभाऊ, कुठल्या घरात आधी मुलगी दिलीय — अक्का डोळे मिटून सांगायच्या. त्यांनी सांगितलं की मग दुसऱ्या कुणाला विचारायला कोणी जात नसे.

अशा बाईला लघवी थांबेना. कळ आली की आलीच, उठेपर्यंतही दम निघायचा नाही. माझ्या धाकट्या भावाच्या साखरपुड्याला साक्रीला निघालो, तर एसटी तीनदा थांबवावी लागली. कंडक्टरची बोलणी खाल्ली, आणि तरी लुगडं भिजलंच. माहेरच्या अंगणात माझी काकू तोंडाला पदर लावून हसली. अक्कांनी ते पाहिलं की नाही, माहीत नाही. मी पाहिलं. मला अक्कांची दया यायला हवी होती ना? मला त्यांची लाज वाटली.

मग जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. छोट्या पांढऱ्या गोळ्या — अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. मी सातवी पास, म्हणून गोळ्या माझ्या ताब्यात. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, मनाने वाढवायच्या नाहीत, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. मला नीट ऐकू आलं होतं — हे आधीच सांगून टाकते, पुढे पळवाट नको. गोळीने अक्कांच्या तोंडाला कोरड पडायची, पण त्रास बराच कमी झाला होता. बराच. सगळा नाही.

आणि भावाचं लग्न आलं. निघायच्या सकाळी मी चहाबरोबर अक्कांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. आख्ख्या. त्यांनी एकदा गोळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गिळून टाकल्या.

एसटी एकदाही थांबवावी लागली नाही. धुळ्याला गाडी बदलली, तिथेही अक्कांना जावं लागलं नाही. मला किती आनंद झाला होता सांगू? मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली पांढरी शेतं मागे जात होती, आणि मी मनातल्या मनात काकूच्या समोरून ताठ मानेने चालत होते.

मग अक्कांचे हात हलायला लागले. आधी वाटलं, माशी हाकलतायत. नाही — त्या कापूस वेचत होत्या. हवेतून. बोंडातून कापूस सोडवावा तसा अलगद, अजिबात घाई न करता. खिडकीतून उन्हाचे पट्टे आले होते, त्यात धूळ तरंगत होती, आणि अक्का त्या उजेडातून मूठ मूठ भरून माझ्या ओटीत टाकत होत्या. "पदर धर व माय," त्या म्हणाल्या. "बठ्ठा उडी जाई." सगळा उडून जाईल म्हणून. आवाज एखाद्या लहान पोरीचा. मला त्या त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या, जी कधीच वारली होती. आणि मी — मी पदर धरला. खरं सांगते, क्षणभर मला तो जड झाल्यासारखा वाटला.

मांडवातही त्या वेचतच होत्या. अक्षता पडत होत्या आणि अक्का त्यातून कापूस गोळा करत होत्या. हे, म्हणजे माझे मिस्टर, त्यांचे हात धरून बसले. तीन दिवसांनी अक्का होत्या तशा झाल्या. पण तोवर बातमी आमच्या आधी गावात पोचली होती — अक्कांचं डोकं फिरलं. त्या वर्षी सोयरिकीचं विचारायला ओट्यावर कोणी आलं नाही. अक्का मात्र रोज ओटा झाडून बसायच्या.

तुम्ही म्हणाल, झाली चूक, माणूस आहे. पण थांबा. मी अजून सांगितलेलंच नाही.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तिघं जेवत होतो. अक्का एकदम म्हणाल्या, "त्या दिन तू माले दोन गोळ्या दिन्यात. आख्ख्या." आवाज अगदी शांत, सोयरीक सांगताना असायचा तसा. ह्यांनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? हे चिडले असते, चार दिवस बोलले नसते. तेवढंच. अक्कांचं सगळं त्यांना परत मिळालं असतं.

मी म्हटलं, "अर्धीच दिली होती, अक्का. तुम्हाला तसं वाटतंय." खाई त्याला खवखवे, म्हणून आणखी दोन वाक्यं बोलले — त्या दिवसाचं तुम्हाला काहीच नीट आठवत नसणार, डॉक्टर म्हणालेच होते, असं. गोड आवाजात बोलले. ह्यांनी मान खाली घातली आणि जेवू लागले. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही हो. डोळे मिटून आठवून बघावं, पुन्हा उघडावेत, असं दोनदा झालं. मग म्हणाल्या, "मालेच तसं वाटनं व्हई."

त्यानंतर अक्का सहा वर्षं होत्या. ओट्यावर बसणं त्यांनी आपणहून सोडलं. आज वार कोणता, भाकरी खाल्ली का, दिवा लावला का, सगळं मला विचारून घ्यायच्या. "मन्हं डोकं ठिकाणवर शे ना?" हेही मलाच. गोळी घ्यायच्या ती फक्त माझ्या हातून. ह्यांनी, पोटच्या मुलाने दिली तरी घेत नसत.

मी रोज पातं घेऊन गोळीचे नीट दोन भाग करायचे आणि अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवायचे. अक्का ती डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. नजर चांगली होती त्यांची, शेवटपर्यंत. तरी विचारायच्या, "अर्धीच शे ना?"

मी म्हणायचे, अर्धीच आहे, अक्का. मग त्या गिळायच्या.