काकाची गोफण

“अण्णा गेले,” सुहासदादा फोनवर म्हणाला. “सड्यावर. हातात खराटा. खाली उतरवताना कंबरडं मोडलं आमचं.” बाप गेल्याची बातमी त्याने अशी दिली. अण्णा म्हणजे माझा काका. त्याला मी कधी अहोजाहो केलं नाही, आता लिहितानाही करणार नाही...

तळ्याकडच्या आमच्या गावाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा आहे, म्हणजे उघडं सपाट पठार, अख्ख्या गावाचं. पावसात तो रानफुलांनी भरतो. पुढे गवत वाळलं, की शिमग्यानंतर गाव तो पेटवतं. जळल्या जागी चारा जोमाने येतो, असा समज. नेमक्या त्याच दिवसांत टिटव्या तिथे उघड्यावर अंडी घालतात. म्हणून काका दरवर्षी आधीच त्यांच्या जागेभोवती गवत कापून, खराट्याने झाडून रुंद पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आग बाहेरच अडायची. मग गोफण घेऊन कावळे हाकत बसायचा, कारण आगीतून वाचलेली अंडी कावळे फोडतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. हे मी सांगतेच, लपवायचं काय त्यात? एकदा मी ‘संवर्धन’ हा शब्द काढला, तर काका म्हणाला, “बीएश्शी, तुझ्या पुस्तकात टिटवी हाय ना? मग तिला सांग, घरटं झाडावर बांध. माझी कंबर वाचंल.”

तोंडाने फटकळ होता. चारचौघांत सुहासदादाला म्हणायचा, “टिटवीला चार पोरं व्हतात, चारी कामाची निघतात. मला एकच...” दादा हसायचा. ते हसू मला कधी आवडलं नाही.

दहाव्याला आमच्यात बायका जात नाहीत, मी गेले. ओढ्याकाठी पिंड ठेवला. समोरच्या आंब्यावर कावळेच कावळे, पण खाली एक येईना. “जन्मभर धोंडे मारलेन, आता जेवायला बोलावतोय,” कुणीतरी म्हणालं. दुसरा वर बघून ओरडला, “गोफण घरी हाय रे, या!” माणसं हसली. मीही हसले. मग काकाची राहिलेली इच्छा शोधणं सुरू झालं. काकीला सांभाळेन... नाही. घर शाकारेन... नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी मीच म्हटलं, “दादा, सड्याचं बोल.” त्याने हात जोडले. “अण्णा, तुमचा पट्टा मी पुरा करीन. टिटव्यांना आग लागू देणार न्हाय.”

कावळा उतरला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, असं मला अजून वाटतं.

शिमग्यानंतर गेले, तर सडा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा. पट्टा काकाने सोडला तिथेच संपलेला. काडी दादाने लावली होती, तीही पट्ट्याच्या आतल्या बाजूने. मी विचारलं. भाकरी मोडत तो म्हणाला, “वचन कावळा शिवावा म्हणून दिलं. शिवला. मिटलं.” घास गिळून पुढे म्हणाला, “आता निघू देत की चारी पोरं कामाची.”

खुंटीवरची गोफण घेऊन मी सड्यावर गेले. वर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या आणि खाली कावळे भाजलेली अंडी टिपत सावकाश चालत होते. काकाचा पिंड खाल्लेला त्यांतलाच कुणी असेल. मी गोफण फिरवून धोंडा सोडला, तो माझ्याच पायांपुढे पडला. एका कावळ्याने मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा चोच खाली घातली...

गोफण आता माझ्या खोलीत, दाराआडच्या खिळ्याला आहे. नेताना काकीने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, “ने बाय. वासरू बांधायलाबी पुरत न्हाय ती.”