गेनू सायकलवरून उतरायचा

गेनू गेल्याचं मला चालत्या सायकलवर कळलं. सकाळच्या पाळीला मोशीहून पिंपरीला निघालो होतो. भोसरी मागे पडली तेवढ्यात आमच्याच गावचा, आमच्याच कंपनीतला महादू मागून जोरात पायडल मारत आला आणि माझ्या बरोबरीला येऊन म्हणाला, "गेनू गेला रं. मी निघता निघताच कळलं." आठ दिवस तो काविळीनं पडून होता, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. तरी पाय थांबायला हवे होते... ते थांबले नाहीत. "माघारी फिरायचं का?" महादूनं विचारलं. मी म्हणालो, "गेटावर सांगू आन् दुपारची सुट्टी घेऊ." दोघेही तसेच पुढे गेलो. दुपारी गावात पोचलो तेव्हा सगळं उरकून माणसं नदीवरून परतत होती. त्याला आता महिना होऊन गेला. माझ्या जागी गेनू असता तर तो त्याच क्षणी खाली उतरला असता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

गेनू आमच्या शेजारच्या घरातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही दोघं एकाच भाड्याच्या सायकलवर, नळीखालून तंगडी घालून शिकलो, आणि गुडघेही एकाच बांधावर फोडून घेतले. पुढे पिंपरीला रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहायला लागले तशी गावातल्या तरण्या पोरांनी सायकली घेतल्या. तेव्हापासून सकाळचा भोसरी-कासारवाडीचा रस्ता म्हणजे एक मिरवणूकच झाली. पुण्याकडचे गडी तिघं तिघं जोडीनं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, बोडक्यानं, पँटीला क्लिपा लावून यायचे. त्यांचं पाहून आमच्यात काय काय शिरलं! हँडलला रंगीत गोंडे आले, सीटला मखमलीची झालर आली, मडगार्डवर नाव रंगवून आलं. आरसे तर एकेकानं दोन-दोन लावले, मागचं बघायला कमी आणि भांग बघायला जास्त. धोतरवाले मागे पडले. मी पहिल्या पगाराला पँट शिवली, टोपी खिशात घातली आणि काळा चष्मा घेतला. गेनूनं मात्र धोतर सोडलं नाही. सोगा चेनमध्ये जाऊ नये म्हणून पिंडरीला सुतळी बांधायचा, टोपी कानापर्यंत ओढायचा, की निघाला. घंटीसुद्धा तो माणसाला वाजवायचा नाही. म्हणायचा, "मानसाला कसली घंटी वाजवायची? तो काय बैल हाय का?"

आणि तो उतरायचा. वडीलधारं माणूस समोर आलं की सायकलवरून खाली उतरायचं, रामराम घालायचा, त्यांनी "चाल म्होरं" म्हटलं की पुन्हा टांग मारायची, ही आमच्याकडची रीत. कारखान्याच्या घाईत ती रीत आम्ही कशी कुरतडली, ते सांगायला आज लाज वाटते. आधी नीट उतरायचो. मग सीटवरून उठून एक पाय पायडलवर आणि दुसरा हवेत, असं अर्धवट उतरल्यासारखं करायला लागलो. मग नुसता हात कपाळाला. शेवटी शेवटी समोर म्हातारं माणूस दिसलं की रस्त्यातले खड्डे फार निरखून बघायचो. गेनू पुरता उतरायचा. सायकल कडेला धरून उभा राहायचा, घरची विचारपूस करायचा. आम्ही पुढे जाता जाता ओरडायचो, "राव, असंच चाललं तर तू रिटायर व्हायच्या वक्ताला गेटावर पोचशील!" तोही हसायचा.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. कंपनीत सहा महिने उमेदवारी होती, आणि तेवढ्यात तीनदा उशीर झाला की नाव कमी. माझी उमेदवारी केव्हाच संपली होती, गेनूची चालू होती. त्याचं लग्न झालं होतं, पण बायको माहेरी, चाकणकडे. नोकरी पक्की झाल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही असं सासऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं. भावकीच्या वाटणीत गेनूच्या हाती आलेला जमिनीचा तुकडा बघता सासऱ्याला दोष तरी काय द्यायचा? नोकरी पक्की झाली की काळेवाडीला खोली घ्यायची आणि पारूला आणायची, एवढं एकच गेनूच्या मनात होतं. संध्याकाळी तोंडावर वारा घेत, दमून भागून परत येतानाही तो खोलीत चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची ते सांगत यायचा. सहावा महिना लागला तेव्हा त्याचे दोन उशीर झालेले होते, दोन्ही असेच, कुणासाठी तरी उतरून.

त्या दिवसांत माझं आणि माझ्या वडिलांचं, तात्यांचं, बोलणं बंद होतं. पँट, चष्मा, शेत सोडून कंपनी... कारणं पुष्कळ होती, आज त्यातलं एकही मोठं वाटत नाही. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन आम्ही बोलत नव्हतो. सहावा महिना संपायला चारच दिवस उरले असताना सकाळी मी आणि गेनू बरोबर निघालो. तात्या समोरून येत होते, बरोबर गावातले दोन जाणते. मी ओळखलं, चष्म्याआडून नीट बघितलं, आणि उतरलो नाही. इतकंच नाही, घंटी वाजवली. ते बाजूला झाले. मागे गेनूच्या ब्रेकचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

त्या दिवशी गेनू गेटावर पोचला तेव्हा दार लागलेलं होतं. उशिराचं कारण विचारलं तर म्हणाला, चेन तुटली. संध्याकाळी मलाही त्यानं तेच सांगितलं आणि मी ते खरं धरलं. खरं धरणं सोयीचं होतं. त्याचं नाव कमी झालं. पुढे नाशिक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला तो लागला. मी रोज त्याच्यासमोरून कामावर जायचो. कधी थांबायला गेलो तर तोच हातोडी उचलून म्हणायचा, "जा, जा, भोंगा व्हईल." सासऱ्यानं पारूला दोन वर्षं पाठवलं नाही. मग गावातल्या चार माणसांनी मध्ये पडून समजूत घातली आणि ती आली. त्यांचा संसार जेमतेम दीड वर्षाचा झाला.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठावर सगळे बसले होते. तात्या मला बाजूला घेऊन गेले. आमचं बोलणं तोपर्यंत कामापुरतं सुरू झालं होतं, पण बाजूला घेऊन बोलावं असं काही उरलेलं नव्हतं. म्हणाले, "त्याची चेन तुटली न्हवती. त्यानं मला आन घातली व्हती, तुला सांगायचं न्हाई म्हून. आता तोच ऱ्हायला न्हाई." मग थांबून थांबून सांगितलं. मी घंटी वाजवून गेलो तेव्हा ते बांधावर खालीच बसले होते. बरोबरच्या दोघांना त्यांनी पुढे घालवलं. "मला रडू आलं रं," तात्या म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. "गेनू जवळ बसला. म्हनला, तात्या, त्याचं ध्यान न्हवतं, त्याला दिसलंच न्हाई. मी म्हनलं, तुझी नोकरी जाईल, ऊठ. उठला न्हाई. माझं पानी पिऊन हुईपातुर बसला."

त्या दिवसापासून तात्यांनी सकाळची वाट बदलली होती. शेताकडे जायला ते रस्ता सोडून ओढ्याच्या कडेनं, काट्याकुट्यातून, लांबून जायला लागले. मला न उतरण्याची लाज वाटू नये म्हणून. तसं करू नका, असं गेनूनं त्यांना परोपरीनं सांगितलं होतं म्हणे. आणि मी? सकाळी तात्या समोर येत नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटायचं. कधी चौकशीसुद्धा केली नाही. माझ्या एका न उतरण्यानं गेनूची नोकरी घालवली आणि पारूची दोन वर्षं. हे मी कुणापुढे कबूल करायचं? पारूपुढे जायचं धाडस अजून झालेलं नाही. हे इथे लिहितोय ते तिच्यापर्यंत पोचावं असंही वाटतं, आणि पोचू नये असंही... फार थकल्यासारखं होतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला निघालो. ओढ्याच्या वळणावर उतरलो आणि सायकल हातात धरून त्या वाटेनं चालत सुटलो. सायकल चालवण्यासारखी ती वाट नव्हतीच. थोड्या वेळानं तात्या दिसले. चाकाचा आवाज ऐकून ते वळले आणि मला जायला वाट द्यावी म्हणून बाभळीला टेकून उभे राहिले. "मोडली का काय सायकल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाई." मी पुढे गेलो नाही. मग ते चालू लागले आणि मी मागून. विहिरीचं पाणी खाली गेलंय, एक बैल लंगडतोय, असं काहीबाही ते बोलत राहिले. मी हूं हूं करत राहिलो. शेत आल्यावर म्हणाले, "जा आता."

गेटावर पोचलो तेव्हा पाळी सुरू होऊन अर्धा तास झाला होता. खिडकीतल्या क्लार्कनं कपाळाला आठ्या घालून कारण विचारलं.

"रस्त्यात वडील भेटले."

"आजारी आहेत?"

"नाही," मी म्हणालो. "नुसते भेटले."